रक्ताचं वय चव्वेचाळीस

९ एप्रिल, रविवार

आज ह्यांची साठी. सकाळी समुद्रशेवाळाचं सूप करून वाढलं, तर पहिला घोट घेऊन म्हणाले, "मीठ कमी." इतकी वर्षं संसार झाला, अजून एकाही वाढदिवसाला माझं मीठ बरोबर पडलेलं नाही. दुपारी हॉटेलात जेवलो, आम्ही तिघंच. मुलगा हानग्यल सोलहून आला होता, चांगला कोटबिट घालून. लोकांची मुलं बापाच्या साठीला शुभ म्हणून सोन्याची किल्ली देतात, जेजू बेटावर पाठवतात. आमच्या चिरंजीवांनी लिफाफ्यातून काय काढावं, तर रक्ततपासणीची पावती.

"टेलोमिअर मोजतात, बाबा," म्हणाला. पेशीत धागे असतात म्हणे, आणि धाग्यांच्या टोकांना टोप्या. पेशीतून नवी पेशी निघाली की टोपी जराशी झिजते. ज्याच्या टोप्या लांब, त्याचं शरीर तरुण. रक्त द्यायचं आणि महिन्याभराने आपलं खरं वय कळतं.

"वय मला ठाऊक आहे की," हे म्हणाले.

"ते सरकारदरबारचं. हे आतलं."

दोघांची एकदम केली तर सवलत होती, म्हणून त्याने स्वतःचीही करून घेतली. मी म्हटलं, माझ्या टोप्या काय रस्त्यावर पडल्यात? बापलेक दोघंही हसले.

१२ मे, शुक्रवार

चव्वेचाळीस. आता हा माणूस माझ्या डोक्यावर बसणार.

कागद आला आणि ह्यांनी दुपारपर्यंत त्याला चौकट करून आणली. खाली आमच्या तोंडीलावण्यांच्या दुकानात, किमचीच्या फ्रिजच्या वर, खिळा ठोकून टांगलीसुद्धा. गिऱ्हाईक कमळकाकडी मागतं, हे आधी चौकट दाखवतात, मग कमळकाकडी देतात. हानग्यलचं वय तेहतीसवरून सव्वीस निघालं. घराणंच चांगलं म्हणे. ह्यांचं, म्हणजे प्योंचं घराणं, माझं नव्हे.

संध्याकाळी ह्यांच्याबरोबर डोंगर चढायला जाणारे नामदादा डाळमोड न्यायला आले, तर हे उठून उभे राहिले आणि कमरेत वाकून म्हणाले, "या काका, बसा काका." दोघांत वयाचं अंतर दोन वर्षांचं. नामदादांनी हातातली पिशवी त्यांच्या पाठीत घातली. बऱ्याच दिवसांनी दुकानात असं हसू झालं, मलाही बरं वाटलं.

२८ जून, बुधवार

आजपासून जुन्या पद्धतीने, म्हणजे जन्मताच एक धरून दर नव्या वर्षाला एक वाढवत, वय मोजणं बंद. कायद्याने अख्खा देश एक-दोन वर्षांनी लहान झाला. हे सकाळपासून गिऱ्हाइकांना विचारताहेत, "मग आता मी बेचाळीस धरू का?" मी म्हटलं, असंच चाललं तर पुढच्या महिन्यात तुम्हाला बालवाडीत घालावं लागेल.

६ जुलै, गुरुवार

ह्यांच्या सरकारी आरोग्य तपासणीचा निकाल आला. रक्तदाब ठीक, साखर काठावर. मग शेवटी एक ओळ, की शौचाच्या नमुन्यात रक्त आढळलं, दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घ्यावं.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग आठवलं आणि हसूच फुटलं. नमुना दिला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी सनजीचं सूप केलं होतं. बैलाचं रक्त गोठवून केलेल्या त्या वड्या ह्यांना जीव की प्राण. दोन वाडगे ओरपले होते. "अहो, वाडगाभर रक्त खाऊन नमुना दिलात, मग त्यात रक्त नाही तर काय मध येणार?" माझ्या आईच्या वेळी आरोग्य केंद्रातली बाई बजावून सांगायची, नमुन्याआधी मांस नाही, रक्त नाही. मीच विसरले.

तरी मी म्हटलं, दुर्बीण करून टाका एकदा. तर म्हणाले, "बादलीभर औषध पिऊन रात्रभर संडासात बसायचं आणि दुकान कोण बघणार? मी जाणत्या माणसालाही विचारलंय. तोही सूपच म्हणाला. पुढच्या वर्षी सूप न पिता देऊ नमुना." जाणता माणूस म्हणजे नामदादा, दुसरं कोण. त्यांना डोंगराखेरीज कशातलं ओ की ठो कळत नाही. पण ह्या बाबतीत माझंच म्हणणं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी गप्प बसले. हानग्यलला कळवलं नाही. तो उगाच घाबरतो.

२० ऑगस्ट, रविवार

उकाडा मरणाचा. ह्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. गिऱ्हाईक बायका म्हणतात, "तुमचे मालक किती सडपातळ झाले हो, काय खायला घालता?" मी म्हणते, चव्वेचाळीसच्या माणसाला पोट शोभत नाही. खरं म्हणजे जेवणच कमी झालंय. पोट साफ होत नाही म्हणून कुरकुरतात, संडासात बसून बसून पायाला मुंग्या आणतात. मुळ्याची जुनी किमची जास्त घालतेय. डोंगरावरही आज अर्ध्यातून परतले. नामदादांना म्हणाले म्हणे, "तरुण माणसांना उन्हाचा त्रास जास्त होतो." चेहरा पिठासारखा पडलाय. उन्हाळा सरला की भरून येतील.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

चुसकचा, सुगीच्या पौर्णिमेचा सण. पूर्वजांचं पान मांडलं, तांदळाचे मोदक केले. हानग्यल आला आणि दारातच थांबला. "बाबा, किती वाळलात," म्हणाला. हे म्हणाले, "वाळलो नाही, तासून आलो."

पोराने मोदकाला हात लावला नाही. जेवण झाल्यावर बापलेक गॅलरीत बराच वेळ उभे होते. आतून मला दिसत होतं, हा काहीतरी अजिजीने सांगतोय आणि हे हसून त्याच्या पाठीवर थापट्या मारताहेत. भांडी घासताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, बाबांना दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायला लाव ना."

मी दचकलेच. याला कसं सुचलं? पण आजकाल सोलमध्ये सगळे तेच करतात म्हणे. मी म्हटलं, तू सांग, तुझं ऐकतात. तर म्हणाला, "माझं ऐकलं, तेच तर." आणि तसाच दुकानात जाऊन त्या चौकटीसमोर उभा राहिला. त्याचं जमलं होतं त्या बँकेतल्या मुलीशी मोडलं असणार. मी विचारलं तर चिडला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

किमचीचा हंगाम. एवढी कोबी मिठात घालायची, आणि हे सकाळपासून पोट धरून बसलेले. वारासुद्धा सरत नाही म्हणाले. मी चिडले. म्हटलं, आजच बरं तुमचं पोट दुखतं. मग ओकले, आणि त्या ओकारीचा वास नेहमीचा नव्हता. ॲम्ब्युलन्स बोलावली. रबरी हातमोज्यांवर तिखट तसंच, मी तशीच गाडीत चढले. इमर्जन्सीतला डॉक्टर फोटो बघून म्हणाला, आतडं पुरतं बंद झालंय. मी म्हटलं, मुळ्याने झालं असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सही करायला कागद दिला.

२० नोव्हेंबर, सोमवार

लिहवत नाही, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर. डाव्या बाजूचा भाग काढला. पोटाला पिशवी लावली आहे. आणि लिव्हरवर डाग आहेत, एक नाही, बरेच. ओक म्हणून डॉक्टरीणबाई आहेत, माझ्यापेक्षा लहान, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "यांची शेवटची तपासणी कधी झाली होती?" हानग्यल तेव्हा खाली फॉर्म भरायला गेला होता. मी सगळं सांगितलं. जूनचा नमुना, त्यात आलेलं रक्त, सनजीचं सूप.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आई, हल्लीची ही तपासणी फक्त माणसाचं रक्त ओळखते. बैलाचं नाही. पूर्वीच्या तपासणीत तसं व्हायचं."

मी म्हटलं, बरं.

बरं म्हटलं मी. मग जिन्यात जाऊन बसले. सूप मी केलं, आणि सुपामुळे झालं हेही मीच म्हटलं. मीच हसले होते त्या कागदाला. जुलै ते नोव्हेंबर हा माणूस आतून रक्त गाळत होता आणि मी त्याला मुळा खाऊ घालत होते.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा नीट बोलले. पिशवीकडे बघून म्हणाले, "आता संडासात बसायला नको, चालता-चालता काम होतं." नर्स हसली. मला हसू आलं नाही.

मग नर्स गेल्यावर माझा हात धरला. "हानग्यलच्या आई, एक कर. जुलैच्या त्या निकालाचं पोराला कधी सांगू नकोस."

"का?"

"मी दुर्बीण टाळली ती त्याने दिलेल्या कागदाच्या जोरावर. त्याला कळलं तर पोर जन्मभर स्वतःला खाईल. माझं काय व्हायचं ते होईल, त्याचं नको."

मी म्हटलं, कागदाचा काय संबंध, सूप मी केलं होतं. तर म्हणाले, "सूप चांगलं होतं." डॉक्टरीणबाईंनी मला काय सांगितलं ते मी ह्यांना सांगितलं नाही. पोराला काही बोलणार नाही असं मात्र वचन दिलं. ह्या घरात मुळात कोणी कोणाला काही सांगतच नाही, एक वचन आणखी.

५ डिसेंबर, मंगळवार

आज कामाचा दिवस असून हानग्यल आला. आल्या-आल्या दुकानात जाऊन ती चौकट काढली आणि पायाखाली घेऊन तोडली. काच गोळा करताना बोट कापलं. मी म्हटलं, त्या कागदाने तुझं काय घोडं मारलं? त्याने कापलेल्या बोटाला फडकं गुंडाळलं. गेले दोन-अडीच आठवडे नीट जेवलेला दिसत नाही. बापाचं दुखणं आणि वर त्या मुलीचं. एका वेळी किती सोसेल.

दुपारी त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्याने बसायच्या आधीच विचारलं, "बाबांचे टेलोमिअर लांब होते. मग असं कसं झालं?"

बाई म्हणाल्या, "लांब असले म्हणजे पेशी लवकर थकत नाही एवढंच. मग ती चांगली असो की बिघडलेली. या कॅन्सरचं आणि त्या लांबीचं काहीतरी नातं आहे हे अभ्यासांत दिसतं, पण एक अभ्यास म्हणतो आखूडवाल्यांना धोका, दुसरा म्हणतो लांबवाल्यांना. गाठीतल्या पेशींचे बहुतेक आखूडच सापडतात, पण रक्तातून ते कळत नाही. एका माणसाला हा आजार होईल की नाही, ते त्या कागदावरून कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही."

"म्हणजे त्या आकड्याला काही अर्थ नव्हता."

"तुमच्या वडिलांपुरता, नाही."

 मला त्यातलं निम्मंच कळलं. एवढं कळलं की इतक्या शिकलेल्या माणसांनाही अजून नक्की माहीत नाही, आणि आम्ही ते खिळा ठोकून टांगलं होतं.

निघताना बाई हानग्यलला म्हणाल्या, "तुम्हीही दुर्बीण करून घ्या. वडिलांना झालं म्हणजे मुलांनी वाट बघायची नसते."

६ जानेवारी, शनिवार

औषधाची दुसरी फेरी. ह्यांना थंड काही धरवत नाही, फ्रिजचं दार उघडलं तरी बोटांत सुया टोचतात. किमचीच्या दुकानात राहणाऱ्या माणसाला फ्रिज वर्ज्य. दिवसभर खुर्चीत बसून हातमोजे घालून डाळमोडांच्या शेपट्या खुडतात. निम्म्या तशाच राहतात, मी नंतर पुन्हा खुडते.

हानग्यलला फोन केला. तारीख घेतलीस का? नाही म्हणाला. का नाही? "मला नको आहे, आई." मी आवाज चढवला, त्याने फोन ठेवला. मला कळतंय काय चाललंय ते. ह्याच्याही कागदावर सव्वीस लिहिलंय ना. बापाची चौकट तोडली आणि स्वतःचा कागद जपून ठेवला असेल. आता मी काय करू? खरं सांगितलं तर ह्यांना दिलेलं वचन मोडतं आणि पोराच्या जिवाला घोर लागतो. नाही सांगितलं आणि त्याच्याही पोटात तेच वाढत असलं तर? एक गेलाच आहे हातातून, दुसराही माझ्या गप्प बसण्याने जायचा.

१३ जानेवारी, शनिवार

सांगितलं.

हे वर झोपले होते. दुकानाच्या मागे आम्ही दोघं डाळमोड निवडत बसलो होतो. मी त्याच्याकडे न बघता बोलले. "हानग्यल, जुलैमध्ये बाबांच्या तपासणीत रक्त निघालं होतं. तुझ्या त्या चव्वेचाळीसवर विसंबून त्यांनी पुढे काही केलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून सांगणार नव्हते. पण तू तीच चूक करणार असशील तर वाईट वाटलेलं बरं."

त्याचे हात थांबले नाहीत. शेपटी खुडायची, टोपलीत टाकायची. मग म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बाबांनी मला त्या निकालाचा फोटो पाठवला होता. विचारलं होतं, काय करू. मी मीटिंगमध्ये होतो. मी लिहिलं, तुमचं रक्त चव्वेचाळीसचं आहे, सूप पिऊन नमुना दिलात म्हणून आलं असेल, पुढच्या वर्षी बघू. एवढंच लिहिलं, आणि फोन उलटा ठेवला."

जाणता माणूस. मी मनात नामदादांना शिव्या घातल्या होत्या.

"मग मला का नाही बोललास?"

"ऑपरेशननंतर बाबांनी वचन घेतलं. आईला कळू देऊ नकोस की ती तपासणी फक्त माणसाचं रक्त ओळखते. तिला वाटेल तिच्या सुपाने घात केला. जन्मभर स्वयंपाकघरात रडेल." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"ऑपरेशन झालं तेव्हाच."

 बाहेर गिऱ्हाईक आलं, हाक मारून गेलं. मग मी विचारलं, तर तू दुर्बीण का करत नाहीस? तुझ्या सव्वीसवर विश्वास नाही ना?

तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, पायांत पाटी आणि हातांत मोडांचा चिखल. "माझ्यात काही नाहीच निघालं तर, आई? त्यांना मी नको म्हटलं आणि मी करून घेतली आणि मी ठणठणीत निघालो, तर मी त्यांच्यासमोर बसून जेवू कसा?"

 मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हाताला तिखट होतं, त्याच्या पांढऱ्या शर्टावर लाल बोटं उमटली. मग मी म्हटलं, तू करणार. मी तुला हाताला धरून नेणार. तुझा बाप जगतोय तो तुझ्या तोंडाकडे बघून, तेव्हा तुझी मर्जी कोणी विचारलेली नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

दुर्बीण झाली. आतड्यात भाताच्या दाण्याएवढा मांसाचा कोंब निघाला, तिथल्या तिथे काढून टाकला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता काळजी नाही, पण वरचेवर बघत राहायचं. गुंगीत होता तोवर मी त्याचा हात धरून बसले. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. ह्यांचाही कधीतरी एवढाच असेल.

ह्यांना आम्ही सांगितलं, कंपनीने सगळ्यांचीच तपासणी केली. "कंपनी चांगली आहे," म्हणाले.

७ फेब्रुवारी, बुधवार

नवा स्कॅन. लिव्हरवरचे डाग वाढलेत. औषध बदलून बघू, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या बघू म्हणण्यातच सगळं कळलं. हे त्यांना म्हणाले, "माझ्या पेशी थकतच नाहीत ना, तुम्ही तरी काय करणार." बाईंनी चष्मा काढून पुसला.

घरी येताना मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. ह्यांनी मला चिमटा काढून बाहेर दाखवलं, पूर्वी ते ज्या मार्गावर बस चालवायचे तो रस्ता.

१० फेब्रुवारी, शनिवार

चंद्राच्या पंचांगाचं नवं वर्ष. हानग्यलने सकाळी आम्हा दोघांना साष्टांग नमस्कार घातला. हे भिंतीला टेकून बसले होते, आशीर्वाद देताना दम लागला. म्हणाले, "खा, पी, लग्न कर."

मी तांदळाच्या चकत्यांचं सूप करायला आत आले. दार अर्धं उघडं होतं. ह्यांचा आवाज आला, दबका, "आईला काही कळलं नाही ना रे?"

"नाही, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

मग मी वाडगे घेऊन बाहेर आले. हानग्यल पाणी आणायला उठला, तेवढ्यात ह्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. "पोराला नाही ना सांगितलंस?"

"नाही हो."

"चांगलं केलंस," म्हणाले, आणि डोळे मिटले. महिन्याभरात त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. एवढा चलाख माणूस, पोराला सगळं ठाऊक असताना मला गप्प ठेवलं, पोराने दिलेला सल्ला माझ्या कानावर येऊ नये म्हणून. आपण दोघांना वाचवलं असं त्याला वाटतंय, आणि मी ते मोडणार नाही.

नव्या वर्षाचं सूप पोटात गेल्याशिवाय माणूस वर्षाने मोठा होत नाही, आमच्याकडे लहान मुलालाही हे माहीत असतं. कायदा काहीही म्हणो. ह्यांनी मला वाडगा काठोकाठ भरायला लावला. दोन चमचे घेतले. तिसरा तोंडाशी नेला आणि परत ठेवला. मीठ कमी आहे का, मी विचारलं. नाही, बरोबर आहे म्हणाले.

"झाकून ठेव. संध्याकाळी उरलेलं खातो."

त्या चकत्या सुपात तशाच राहिल्या की फुगतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्याचा लगदा होतो. त्यांनाही माहीत आहे. मी वाडग्यावर ताटली झाकली.